झाडाचे पाय धुवायला मुदखेडला

शिवगंगाबाईंच्या हॉलमधलं झाड नऊ फूट उंच होतं आणि दर तिसऱ्या दिवशी एक बादली पाणी पीत होतं. त्यांचे यजमान ईश्वरप्पा चौथ्या दिवशी आंघोळ करत होते, तीही अर्ध्या बादलीत.

"पुढच्या जन्मी मला माणूस करू नको म्हणावं महादेवाला," ते कोरडा टॉवेल खांद्यावर टाकून म्हणायचे. "आमच्या हिच्या हॉलमधलं झाड कर."

"तुम्ही झाड झालात तर दोन दिवसांत वाळवी लागंल," शिवगंगाबाई म्हणायच्या.

दोन हजार सोळाचा एप्रिल होता आणि लातुरात नळ ही वस्तू फक्त भिंतीला शोभा म्हणून उरली होती. आठ-नऊ दिवसांनी टँकर यायचा, घरटी दोनशे लिटर. मिरजेहून रेल्वेनं पाणी येणार अशी बातमी होती, मग ते आलंही, आणि लोक हार घेऊन स्टेशनावर गेले. पाण्याच्या टाकीपाशी पाचांपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही असा जमावबंदीचा हुकूम होता. गल्लीतल्या बायकांनी तो चार-चारच्या टोळ्या करून अगदी काटेकोर पाळला. एक टोळी भांडायची तेव्हा दुसरी लांब उभी राहून ऐकायची.

झाडाची गोष्ट अशी. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला, त्या ऑगस्टमध्ये शिवगंगाबाई चोवीस वर्षांच्या होत्या आणि नव्या जिल्ह्यात नुकत्याच कारकून म्हणून लागल्या होत्या. त्या आठवड्यात गावात सत्कारांचा नुसता पाऊस पडला. अशाच एका कार्यक्रमानंतर मांडववाला शोभेच्या कुंड्या टेम्पोत भरून निघून गेला, आणि एक दोन पानांची कुंडी खुर्च्यांमागं राहून गेली. त्याला दोनदा निरोप धाडला, तो आला नाही. मग शिवगंगाबाईंनी ती सायकलरिक्षात मांडीवर घेऊन घरी आणली. पुढं ती पानं सुपाएवढी झाली, त्यांना आपोआप भोकं पडली, खोडाला दोऱ्यांसारखी मुळं लोंबायला लागली. इंग्रजी नाव मॉन्स्टेरा आहे हे बाईंना फार उशिरा, मोबाईल आल्यावर कळलं. ईश्वरप्पा त्याला 'चाळणी' म्हणत. कुंडी बदलत बदलत चाळणी आता तेलाच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात उभी होती. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल लोक बोलायचे तेव्हा बाई झाडाची पानं पुसायच्या. गेल्याच साली त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता त्यांना पानं पुसायला दिवसभर वेळ होता.

भांडण लागलं ते टँकरवर.

दोन घरं सोडून केवळाबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळं अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि फोटोखाली खाटेवर त्यांची आई, कोंडाबाई. पंच्याऐंशीच्या पुढची, मांडीचं हाड मोडून वर्षभर पडून. त्या सकाळी टँकरचा पाइप पिंपात सोडताना सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईला मी आठ दिस झाले ओल्या फडक्यानं पुसून राहिले. अन् कुणाच्या घरचं झाड बादली बादली न्हाऊन राहिलंय. खिडकीतून दिसतंय मला सगळं."

शिवगंगाबाईंनी आपली घागर उचलली आणि घराकडं वळल्या. त्या न भांडता गेल्या, ही गल्लीत बातमी झाली.

घरी येऊन त्या झाडासमोर खुर्ची टाकून बसल्या. ईश्वरप्पा लांबूनच म्हणाले, "देऊन टाकू कुणाला तरी."

"कुणाला?"

"ज्याच्या दारात नदी हाय त्याला."

"मांजरा कोरडी पडलीय. आता काय गंगेला पाठवता का?"

त्या दिवशी त्यांनी झाडाला पाणी घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पानं अशी लोंबली, जशी शाळेत छडी खाऊन पोरं उभी राहतात. मग बाई मोबाईलवर व्हिडिओ बघत बसल्या. कुठल्याशा दूरदेशीची एक बाई एक भलंमोठं झाड दाढ उपटावी तसं कुंडीतून उपटत होती, मुळांची सगळी माती धुऊन काढत होती, आणि मातीऐवजी भाजलेल्या चिकणमातीच्या गोळ्यांत बसवत होती. टबाला तळापासून चार बोटं वर एक भोक. भोकाच्या खाली पाणी साठून राहायचं, गोळ्या ते हळूहळू वर ओढायच्या, आणि झाड लागेल तेवढंच प्यायचं. वरून ओतलेलं पाणी खालून वाहून जाणं नाही, की उन्हानं माती तापून उडून जाणं नाही. बादली तीन दिवसांऐवजी दोन-तीन आठवडे पुरेल असं ती बाई सांगत होती.

त्याआधी ती नळाला पाइप लावून अर्धा तास मुळं धूत होती. तेवढा भाग शिवगंगाबाईंनी तीनदा पाहिला. मुळांसाठी नाही. नळासाठी.

गोळ्या लातुरात मिळण्यासारख्या नव्हत्या. बाईंनी डोकं चालवलं. औशाच्या रस्त्याला वीटभट्टी होती. तिथं जास्त भाजून काळ्यानिळ्या झालेल्या, वेड्यावाकड्या विटा फेकलेल्या असतात. त्यांना खंगर म्हणतात, आणि बांधकामाला ते कुणी घेत नाही. दोन पोती खंगर आलं आणि ईश्वरप्पांच्या हातात हातोडा आला. सुपारीएवढे तुकडे, त्याहून बारीक नाही, त्याहून मोठे नाही. आयुष्यभर अडतीच्या गादीवर लोडाला टेकून बसलेला माणूस दारात पाय पसरून विटा फोडायला लागला.

"अप्पा, सजा कशाची?" येणारे-जाणारे विचारत.

"लग्नाची," अप्पा म्हणत.

तुकडे झाले, मोठा टब आला, त्याला तापल्या सळईनं भोक पडलं. राहिलं फक्त मुळं धुणं. चौतीस वर्षांच्या मातीचा एक कणही राहता कामा नये, नाहीतर तो पाण्यात कुजतो आणि मुळांनाही कुजवतो. शंभर लिटर तरी लागणार. म्हणजे पाणी वाचवण्यासाठी घरातलं अर्धं पाणी गटारात घालायचं. हे जर सिस्टरना कळलं तर जमावबंदी मोडून अख्खी गल्ली गोळा होणार होती.

सिस्टरना ते त्याच दिवशी कळलं, कारण ईश्वरप्पांनी सांगितलं. त्यांच्या तोंडात गोष्ट राहत नसे. ते नुसतं सांगून थांबले नाहीत. "सिस्टर, तुमच्या भावाची मुदखेडला विहीर हाय ना? पाणी हाय का तिला?" असं विचारून आले.

संध्याकाळी सिस्टर स्वतः दारात उभ्या. शिवगंगाबाईंनी आत या म्हटलं नाही, सिस्टर आल्याही नाहीत. उंबऱ्याच्या दोन बाजूंनी बोलणं झालं.

"व्यंकटीची झेंडूची पट्टी हाय. दिसाला दोन तास मोटर चालती, तेवढं पाणी हाय. धुतलेलं पाणी सरळ झेंडूत जाईल, एक थेंब वाया न्हाई. मी विचारते त्याला."

"विचारा ना, सिस्टर."

"पण एक हाय. झाडाचं जे पाणी वाचंल, ते माझ्या आईचं. बादलीला बादली. झाड जगो नाहीतर मरो."

"मरो कशाला म्हणता?"

"मी नर्स हाय, शिवगंगाबाई. आम्ही आधी सगळं सांगून सही घेतो."

शिवगंगाबाईंनी मान डोलावली. सिस्टर निघता निघता म्हणाल्या, "आन् मी बी येणार टेम्पोत. मुळं तुमच्या हातानं तुटतील."

जाण्याच्या आदल्या दिवशी पिंप पत्र्याच्या कात्रीनं कापून काढलं. मातीचा गड्डा गोणपाटात बांधला. पानं वाऱ्यानं फाटू नयेत म्हणून शेंडा अलगद खाली वळवून बांधला आणि पांढरी चादर ओली करून सगळ्यावर गुंडाळली. आडवं ठेवलं तर खोड मोडणार, म्हणून ईश्वरप्पांनी ते टेम्पोच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि दोरीनं पाठीशी बांधलं. लांबून पाहिल्यावर शिवगंगाबाई दोन पावलं मागं सरल्या. लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवूनच नेतात. खुर्चीत बसलेलं, मान किंचित कललेलं, पांढऱ्यात गुंडाळलेलं ते रूप पाहून कुणालाही एकच गोष्ट वाटली असती.

आणि वाटली. गल्लीच्या तोंडाशीच एका स्कूटरवाल्यानं चप्पल काढून हात जोडले. चाकूरपर्यंत तर नमस्कारांची रांग लागली. दोन्हीकडं कोरडी रानं, आणि मधून चाळणीची मिरवणूक. सिस्टर पदर तोंडात धरून हसत होत्या. शिवगंगाबाई न हसण्यासाठी खिडकीबाहेर बघत होत्या, आणि बाहेर बघितलं की कुणीतरी हात जोडलेलाच असायचा.

अहमदपूरला चहासाठी टेम्पो थांबला. भस्माचे आडवे पट्टे ओढलेले एक म्हातारे जंगम, लिंगायतांचे पुजारी, काठी टेकत ईश्वरप्पांजवळ आले.

"कोण हो?"

"घरचंच," ईश्वरप्पा म्हणाले. खोटं त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही.

"वय?"

"चौतिसावं चालू हाय."

"अरेरे! लगीन झाल्यालं?"

"न्हाई हो. हॉल सोडून कुठं गेलंच न्हाई."

"कशानं?"

"पाण्यापायी."

म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. "ह्या दुष्काळानं तरणी माणसं खाल्ली," म्हणत त्यांनी थैलीतून विभूती काढली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि चादरीवर जिथं कपाळ असावं तिथं अंगठा दाबून ओढला. ओली चादर सरकली. आतून सुपाएवढं एक हिरवं पान सुटलं आणि त्यांच्या तोंडासमोर फडफडलं.

म्हाताऱ्यांनी पान पाहिलं, पानाची भोकं पाहिली, आपला अंगठा पाहिला.

"झाड हाय हे," ते म्हणाले.

"हाव, झाडच हाय," ईश्वरप्पा म्हणाले.

"लागली ती लागली," म्हातारे म्हणाले आणि ईश्वरप्पांच्या हातातला चहा घेऊन बाकावर जाऊन बसले.

मुदखेडला व्यंकटी वाट बघत उभाच होता. खुर्ची उतरवताना त्यानंही आधी टोपी काढली, मग बहिणीचं तोंड बघून परत घातली. मोटर सुरू झाली. सरीच्या तोंडाशी फळकुटं टाकून त्यावर गड्डा ठेवला, आणि पाइपचं पाणी त्यावर पडायला लागलं. तपकिरी, मग काळं, मग चहासारखं पाणी सरीतून झेंडूकडं धावलं. शिवगंगाबाईंनी गेल्या चार महिन्यांत एवढं पाणी एकदम पाहिलं नव्हतं. त्यांनी मुळं धुण्याच्या निमित्तानं कोपरापर्यंत हात भिजवले, मग तोंड भिजवलं, मग केस.

सिस्टरनी रबरी हातमोजे घातले होते. मुळं बोटांनी विंचरल्यासारखी सोडवत होत्या, काळं आणि मऊ पडलेलं दिसलं की कात्रीनं छाटत होत्या. "हे गेलेलं. हे बी गेलेलं. हे जगंल." अर्ध्या तासानं त्यांची बोटं थांबली. मुळांच्या जाळ्यातून त्यांनी एक पत्र्याची गोल डबी बाहेर काढली. गंजलेली. चुन्याची. मग दुसरी. मग एक प्लास्टिकची. मग आणखी.

"तुम्ही तंबाखू सोडली होती ना?" शिवगंगाबाई ईश्वरप्पांना म्हणाल्या. "२००१ साली. सिद्धेश्वराच्या जत्रेत शपथ घेऊन."

ईश्वरप्पा विहिरीत किती पाणी आहे ते बघायला वाकले.

अकरा डब्या निघाल्या. पण त्याहून वाईट पुढं होतं. मातीच्या वरच्या थरातून चमकणाऱ्या पट्ट्या निघायला लागल्या, वाकवून, दुमडून खोचलेल्या, काही अर्ध्या भरलेल्या. सिस्टरनी एक पाण्याखाली धरून वाचली.

"ही बीपीची गोळी. अप्पा, तुम्हालाच दिली ना डॉक्टरनं?"

"दिली व्हती."

"मग झाडाला बीपी हाय का?"

व्यंकटी हसला, पण शिवगंगाबाई हसल्या नाहीत. त्या रोज सकाळी चहाबरोबर गोळ्यांची पट्टी त्यांच्या हाती द्यायच्या आणि पाठमोऱ्या व्हायच्या. तीन वर्षं.

"ती खाल्ली की सारखं उठावं लागतं," ईश्वरप्पा हळू आवाजात म्हणाले. "दर घंट्याला. अन् तेवढ्यांदा पाणी ओतायचं म्हणजे... पाणी कुठाय?"

"दुष्काळ औंदा हाय," शिवगंगाबाई म्हणाल्या. "पट्ट्या तीन सालाच्या हायेत."

"आधी कंटाळा व्हता. दुष्काळ मागून आला."

सिस्टरनी हातमोजे काढले, पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं आणि ईश्वरप्पांना त्याच खुर्चीत बसवलं जिच्यावर झाड आलं होतं. पट्टा आवळला. काटा हळूहळू उतरला. वरचा आकडा एकशे शहाऐंशी निघाला.

"आज अहमदपुरात विभूती तुम्हालाच लागायची," सिस्टर म्हणाल्या.

शिवगंगाबाई तिथंच बांधावर बसल्या. त्यांना राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती. मग त्या उठल्या आणि कुणाकडं न बघता खंगराचे तुकडे धुवायला लागल्या. एक एक. दोन पोती. ईश्वरप्पा बाजूला येऊन बसले आणि तेही धुवायला लागले. एक पोतं संपलं.

"उद्यापास्नं खातो," ते म्हणाले.

"उद्यापास्नं तोंड उघडून दाखवायचं. जीभ वर करून."

टबाच्या तळाशी खंगर, त्यावर मुळं पसरून, मग भोवतीनं पुन्हा खंगर. सिस्टरनी सलाइनची नळी आणली होती. ती टबाच्या कडेला उभी बसवली, म्हणजे आत पाणी किती आहे ते बाहेरून दिसावं. खोडाचा वरचा फूटभर भाग ओझं नको म्हणून त्यांनी छाटला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला. परत येताना झाड टबात उभं होतं. वाटेत कुणी हात जोडले नाहीत.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी पहिलं पान पिवळं पडलं. मग दुसरं. पानं गळताना आवाज करत, ओलं पायपुसणं पडावं तसा. निघताना चौदा होती, मे संपेस्तोवर पाच उरली. नळीतलं पाणी जिथल्या तिथं. झाड पीतच नव्हतं. शेजारपाजारच्या बायका येऊन, तोंडं पाडून बघून जात. एकीनं तर बाईंच्या पाठीवर हात फिरवला.

ठरल्याप्रमाणं बादली मात्र दर तिसऱ्या दिवशी सिस्टरच्या घरी जात होती. शिवगंगाबाई स्वतः नेत. खाटेवर कोंडाबाई, आणि खाटेशेजारच्या स्टुलावर सलाइनच्या रिकाम्या बाटलीत छाटलेला तो शेंडा, एका पानासकट. म्हातारीनं त्याचं नाव 'सवत' ठेवलं होतं, कारण पाण्याची वाटणी दोघींत होती.

"झाड मरून राहिलंय म्हणं," कोंडाबाई म्हणाली.

"पानं गळून राहिलीत, आई."

"गळू दे की. मला एक तरी दात हाय का? मेले का मी?" आणि लगेच लेकीकडं वळून, "ए केवळे, आज पाठ नीट घास. बादली भरून आलीय, पुसल्यावानी करू नको."

सिस्टर पाठ घासत आणि शिवगंगाबाई तांब्यानं पाणी ओतत. पहिल्या दिवशी त्या दारात थांबल्या होत्या. कितव्या बादलीपासून आत आल्या हे दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

जूनमध्ये आभाळ यायचं आणि जायचं. एका दुपारी शिवगंगाबाईंनी पाहिलं तर नळीतलं पाणी बोटभर खाली होतं. त्यांनी आधी फरशी चाचपली. कोरडी. टब चहूबाजूंनी पाहिला. मग थेट आत जाऊन झोपलेल्या ईश्वरप्पांना हलवलं.

"टबातलं पाणी काढलंत का?"

"मी कशाला काढू? आता गोळी बी टाकता येईना त्यात."

दुसऱ्या दिवशी आणखी अर्धं बोट. बाई पदर खोचून तशाच सिस्टरकडं पळाल्या. सिस्टर हात धुऊन आल्या, हातमोजे चढवले, आणि वरचे खंगराचे तुकडे एक एक करून बाजूला केले. चार इंचांखाली जुनं, काळसर, मेल्यासारखं मूळ दिसलं. त्याच्या पोटातून, मोड आलेल्या मटकीसारखी, जाड पांढरी मुळं फुटून विटेच्या तुकड्यांना कवटाळून बसली होती. जुनी मातीतली मुळं पाण्यात निकामी झाली होती. झाडानं दीड महिना गप्प बसून नवी केली होती.

शिवगंगाबाई रडल्या. सिस्टरनी त्यांना रडू दिलं, आणि तुकडे परत जागच्या जागी लावले.

त्या साली पाऊस आला, आणि उशिरा का होईना असा आला की मांजरा भरली आणि लोक पुराच्या तक्रारी करायला लागले. नळाला पाणी आलं. बादली न्यायची गरज उरली नाही, तरी शिवगंगाबाई तिसऱ्या दिवशी कोंडाबाईच्या आंघोळीला जायच्या. सिस्टर रविवारी ईश्वरप्पांचं बीपी बघायला यायच्या आणि त्यांना जीभ वर करायला लावायच्या. आकडा एकशे चाळिसावर आला होता. अप्पा या खेपेला खरंच सोडलेली तंबाखू आठवून अधूनमधून नुसतीच बोटं चोळायचे.

नवं पान दिवाळीच्या आधी आलं. लहान, आणि एकही भोक नसलेलं.

"चाळणीची ताटली झाली," ईश्वरप्पा म्हणाले.

गल्ली ते पान बघायला आली. सिस्टर सगळ्यांना मुळं कुठून छाटली, किती छाटली ते सांगत होत्या. "ऑपरेशन वेळेवर झालं म्हणून वाचलं," त्या म्हणाल्या.

"खंगर होतं म्हणून वाचलं," शिवगंगाबाई म्हणाल्या. "आधी कुणाच्या डोक्यात आलं होतं का खंगर?"

"खंगर तर भट्टीवर पडूनच व्हतं. त्यानं किती झाडं वाचवली?"

"अन् कात्री काय फक्त तुमच्याकडंच असती?"

त्यानंतर दोघी चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी कोंडाबाईनं निरोप धाडला की पाठ खाजून राहिलीय, दोघींनी मिळून या, एकीला जमत न्हाई.